विहीणबाईंची वेगळी चूल

आमच्या घरातल्या भाकरीवर कधीकधी अक्षरं उमटलेली असत. बाबा गावच्या शाळेत मास्तर होते. इंग्रजांच्या काळात त्यांनी गावोगाव पत्रकं वाटली होती, आणि इंग्रज गेले तरी आमच्या घरी पत्रकं यायची थांबली नव्हती. सूत कसं कातावं, तांदूळ हातसडीचाच का खावा, विहिरीभोवती चिखल का होऊ देऊ नये, हुंडा का घेऊ नये. स्वस्त कागद आणि कच्ची शाई. वाचून झाली की आई ती भाकरीच्या टोपलीत अंथरायची, आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकर त्यातला एखादा शब्द पाठीवर उचलून घ्यायची, उलटा. मी आणि दादा भाकर आरशापुढे धरून तो वाचायचो. "आज मी स्वावलंबन खाल्लं," असं मी शाळेत ऐटीत सांगितल्याचं मला आठवतं.

आमचं गाव समुद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापसाच्या शेतांमध्ये. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे ज्वारीशिवाय दिवस उगवत नसे आणि मावळतही नसे. सकाळी भाकर आणि जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. दुपारी अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या शिजवलेल्या. पाहुणे आले तर पाटवडीचा रस्सा. उन्हाळ्यात आई ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायची आणि बाबांच्या जुन्या धोतरावर त्याचे धापोडे घालायची. वाळले की कापडाला मागून पाणी लावून ते सोलायचे. अर्धे तर आम्ही ओलेच खायचो, थोडे आंबट, मिठाचे, कापडाच्या वासाचे. ती चव मी पुढे शहरात खूप शोधली. मिळाली नाही.

गहू मात्र डब्यात असायचा आणि डबा फळीवर. सण आला, जावई आला, साहेब आला की तो खाली यायचा. बाबा माणसांमधल्या उच्चनीचतेवर तावातावानं बोलायचे, पण धान्यांमधली उच्चनीचता त्यांच्याही ध्यानात कधी आली नाही. पाहुण्यापुढे भाकर ठेवली तर तो त्याचा अपमान, पोळी ठेवली तर मान. हे कुणी ठरवलं, याचा मला आजही राग येतो. ज्या दाण्यानं अख्खा जिल्हा जगवला त्याला पंगतीत बसायची लाज वाटावी, आणि वर्षातून चार वेळा दिसणाऱ्याला पाट मिळावा!

अशा घरात वहिनी आली, ती वर्ध्याहून. तिचे वडील तिथल्या कचेरीत कारकून. त्यांच्याकडे रोज पोळी. शहरातल्या नोकरदाराच्या घरात मुलगी आणि ती आमच्यासारख्या खेड्यात, हुंडा न घेणाऱ्या मास्तरांच्या घरी द्यायची, याचं कारण गावाला लग्नाच्या मांडवातच दिसलं. वहिनीच्या अंगावर मांस नव्हतं. ओठांचे कोपरे चिरलेले, केस विरळ, आणि काचेच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरायच्या. हात वर केला की खळ्‌कन खाली, खाली केला की खळ्‌कन परत.

"मास्तरानं हुंडा नाई घेतला, तं त्याइनं पोरगी बी अर्धीच देल्ली," शेजारची काकू आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

लग्नाचे आणि त्यापुढचे पंगतींचे दिवस वहिनीनं अंथरुणातच काढले. पोट फुगलेलं, अन्न आत ठरत नव्हतं. सोबत आलेली तिची करवली म्हणाली, हिचं लहानपणापासून असंच आहे, नाजूक पोट. मग पंगती संपल्या, डब्यातला गहू संपला आणि आमचं घर आपल्या नेहमीच्या भाकरीवर आलं.

वहिनीला भाकर थापता येत नव्हती. तिचा हात गव्हाच्या कणकेला सरावलेला. गव्हाची कणीक ओढली तर ताणते, सोडली तर मागे येते, लाटली तर पसरते. ज्वारीच्या पिठाला असला चिवटपणा नसतो. त्याला उकळतं पाणी लागतं, तळहाताच्या खालच्या भागानं रगडून रगडून मळावं लागतं, तेव्हा कुठे ते एकत्र राहायला राजी होतं. वहिनीची पहिली भाकर परातीतून उचलतानाच चारी बाजूंनी तडकली.

आई म्हणाली, "आधण टाक वं पोरी, आधण. हे काई गव्हाचं पीठ नोय, थंडं पाणी लावलं का चिकटून बसाले."

दादा जेवायला बसला होता. त्यानं ताटातली ती भाकर इकडून तिकडून बघितली. "हा वर्धा जिल्ह्याचा नकाशा दिसून राह्यला. हे पाय आई, आष्टी तं तुटूनच पडली."

"मंग समुद्रपूर तू खाय, अन् आष्टी मले दे," मी म्हणाले.

वहिनी हसली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. आईनं तिच्यामागे बसून तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि भाकर कशी फिरवायची ते दाखवलं: एका हातानं थापायचं, दुसऱ्यानं कड सांभाळायची, आणि भाकर आपली आपणच फिरते असं वाटलं पाहिजे. काही दिवसांत वहिनीची भाकर निखाऱ्यावर टम्म फुगू लागली. वरचा पापुद्रा सोलून त्यावर तेल-तिखट घालून ती मला चोरून द्यायची. चोरून कशाला, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण तसा तो जास्त चांगला लागायचा.

आणि वहिनी भरली. पंचमी जवळ येईतो तिच्या ओठांच्या चिरा मिटल्या, गालांना रंग चढला. बांगड्या मनगटावर बसल्या त्या बसल्याच. आई तिच्या हातातली बांगडी बोटानं मागे सारून पाहायची. ती सरत नाही म्हटल्यावर काही न बोलता कामाला लागायची, पण चेहरा सांगायचा. काकूला मात्र ती ऐकवल्याशिवाय राहिली नाही: "पूर्री झाली वं आता पोरगी. पाहून घेजो."

पंचमीला वहिनी माहेरी गेली आणि परत आली ती पुन्हा लग्नातली वहिनी होऊन. पोट फुगलेलं, तोंड आलेलं. बांगड्या कोपराशी. आईनं तिला दारातच धरलं.

"तुह्या मायनं उपाशी ठेवलं काय वं?"

"नाई जी आत्याबाई. रोज पोळ्या केल्या. तूप लावून लावून खाऊ घातल्या."

पुन्हा भाकर, पुन्हा बांगड्या जागेवर. दिवाळीला पुन्हा माहेर, आणि या वेळी तर दादाला तिला मोटारीतून जवळजवळ उचलून उतरवावं लागलं. आता दोन्ही घरांनी आपापलं निदान केलं. वर्ध्याहून विहीणबाईंचा निरोप आला, की खेड्यातलं जाडंभरडं खाऊन पोरीच्या आतड्यांना चांगल्या अन्नाची सवयच उरली नाही. आई म्हणाली, दृष्ट लागते, माहेरच्याच कुणाची तरी. आणि बाबांनी कपाटातून एक पुस्तिका काढली.

ती मला अजून दिसते, निळ्या मुखपृष्ठाची, कोपरे दुमडलेली. यंत्राच्या चक्कीत पीठ तापतं, त्यातलं सत्त्व जळतं, आणि असलं मेलेलं पीठ पोटात गेलं की माणसाचा ऱ्हास होतो, असं तिच्यात लिहिलं होतं. बाबा ओसरीवर उभे राहून वाचायचे, जणू समोर सभा आहे. वर्ध्याला सगळे दळण चक्कीवर टाकतात. आपल्याकडे जातं आहे. तेव्हा उघड आहे, दोष चक्कीचा! मला ते इतकं पटलं की मी गावातल्या नव्या चक्कीसमोरून जाताना मान फिरवून जायचे. चक्कीवाला बिचारा विचारायचा, "काऊन वं मास्तरीण, काय झालं?" मी उत्तर देत नसे. अन्यायाशी बोलायचं नाही, असं माझं ठरलेलं होतं.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण दिवाळीनंतरची तिची अवस्था पाहिलेल्या वैद्यांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, की या दिवसांत असं एक जरी आजारपण आलं तर पोटातलं मूल हाती लागणार नाही, आणि पोरीचंही सांगता येत नाही. त्यामुळे श्रावणात, आठवा महिना लागला तेव्हा, विहीणबाई लेकीला न्यायला आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आईनं आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली.

"मी नाई धाडत," ती म्हणाली.

विहीणबाई उंच, ठसठशीत बाई. बोलणं शहरी, नीटनेटकं. राग आला की मात्र सगळं शहर गळून पडायचं. "काय म्हनता? माही पोरगी, पयलं बाळंतपन, अन् तुमी धाडत नाई?"

"तुमच्याकडून आली का ते आडवी होते. दोनदा पायलं मी."

"तुमच्या भाकरीनं तिचं पोट बिघडलं, म्हनून माह्या पोळ्या तिले सोसत नाईत!"

वहिनी दोघींच्या मध्ये खांबाला धरून उभी होती. आपलं मोठं झालेलं पोट तिनं पदरानं झाकून घेतलं होतं, जणू भांडण त्याच्या कानावर जाऊ नये. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचे भरलेले गाल पाहिले, हात पाहिले. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गाठोडं ओसरीवर ठेवलं.

"ठीक हाय. मंग मी इथंच राहातो. बाळंतपन मीच करीन."

पण राहायचं तर खायचं काय? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न आईबापांनी खायचं नाही, ही दुसरी रीत, पहिलीहून कडक. मोडली तर त्याचं फळ लेकीच्या पोटच्या पोराला भोगावं लागतं, असं मानायचे. आमच्या माठातलं पाणीसुद्धा त्या प्यायल्या नाहीत, स्वतः गावच्या विहिरीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून त्यांचा गहू आला, गूळ आला, तूप आलं, आणि पाऊस असल्यामुळे ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली गेली. एका घरात दोन चुली, एकीवर तवा भाकरीचा, दुसरीवर पोळीचा.

बाबांनी तेवढ्यात आपलं तत्त्व पुढे केलं. "विहीणबाई, आपण आपला गहू खा. पण माझ्या घरात चक्कीचं पीठ यायचं नाही. दळण जात्यावर होईल."

"दळा की," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या तत्त्वापायी माही कमर दुखते काय?"

तेव्हा पहाटे आई आणि मी जात्याशी बसायचो, आधी आमची ज्वारी, मग त्यांचा गहू. ज्वारीचा आवाज भरडा, गव्हाचा बारीक. मला त्या दळणाचा केवढा अभिमान! आपण जणू वहिनीसाठी लढाईच लढतो आहोत. दोन्ही पिठं स्वच्छ, दोन्ही थंड, पुस्तिकेबरहुकूम. आता वहिनीला गहूसुद्धा बाधणार नाही, बाबांचं म्हणणं सिद्ध होईल, आणि दोन्ही घरांचं भांडण एकदाचं मिटेल, असा माझा हिशेब.

ते थोडे दिवस फार सुखाचे होते. बाहेर पावसाची झड, ओसरीत दोन धूर एकमेकांत मिसळायचे. विहीणबाई तोंडानं फटकळ, पण हाताला चव. त्या आईच्या चुलीकडे नुसतं पाहून टोमणे मारायच्या, आणि आई परत करायची.

"इहीनबाई, तुमच्या भाकरीले ठिगळ लावलं काय?"

"लावलं ना. तुमच्या पोळीले जसं तूप लावता, झाकाले."

मग दोघी हसायच्या. वहिनी दोघींच्या मध्ये पाट मांडून बसायची. एका बाजूनं भाकर, दुसऱ्या बाजूनं तुपात भिजलेली पोळी. जन्मदात्या आईनं भरवलेला घास नाही कसा म्हणायचा? ती खायची. मी पाहत होते, खूश होत होते.

मग एका सकाळी ती उठली नाही. पोट फुगलं, पाय सुजले, तोंड आलं. पाणी प्यायली तरी ठरेना. वैद्य आले, नाडी पाहिली आणि दादाला बाहेर घेऊन गेले. दादा आत आला तेव्हा त्यानं कुणाकडेही पाहिलं नाही. वहिनीच्या उशाशी बसला आणि तिची वर सरकलेली बांगडी धरून राहिला.

आई आणि विहीणबाई दोन बाजूंना बसल्या. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण कुणाचंच म्हणणं शिल्लक राहिलं नव्हतं. माहेरची दृष्ट म्हणावं, तर ती सासरी होती. ज्वारीमुळे म्हणावं, तर ज्वारीवर ती वर्षभर धडधाकट होती. चक्की म्हणावी, तर तो गहू मी माझ्या हातानं दळला होता, खुंट्याचे घट्टे अजून तळहातावर होते. बाबा निळी पुस्तिका हातात घेऊन दारात उभे होते आणि ती उघडत नव्हते.

बोलली वहिनीच, अगदी हळू. "माय, मी लहान होती तवा उन्हाळ्यात मामाकडे जायची, आठवते? तिथं मी खेळायची, झाडावर चढायची. घरी आली का अंथरून."

"मामाकडे हवा चांगली होती," विहीणबाई म्हणाल्या.

"मामाकडे भाकर होती."

पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"मंग तू खाल्ली काऊन पोळी?" विहीणबाईंचा आवाज फाटला. "रोज खाल्ली! सांगाचं ना मले!"

"तू हातानं देते, म्हनून."

हे ऐकल्यावर विहीणबाई उठल्या. ओसरीच्या कोपऱ्यात गेल्या आणि आपल्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. राखेचा फुस्सकन आवाज आला. गव्हाचं गाठोडं त्यांनी दादाच्या पुढ्यात ठेवलं. "हे घराबाहेर ने बापा. कोनाले बी दे."

दादा ते घेऊन गेला. पण खरी अडचण त्यानंतरची होती, आणि ती ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला कळत होती. गहू गेला. आता विहीणबाई खाणार काय? झडीनं वर्ध्याचा रस्ता बंद झालेला, तिकडून दुसरं धान्य यायची सोय नव्हती. परत जावं, तर लेकीला या अवस्थेत सोडून जायचं. राहावं, तर आमच्या ज्वारीला हात लावायचा, आणि ते पोटातल्या बाळाला भोवेल, हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं, मानलेलं. तो दिवस त्यांनी उपाशीच काढला. दुसऱ्या दिवशीही नुसत्या विहिरीच्या पाण्यावर बसल्या. वहिनीनं हे पाहिलं आणि तोंडापुढचा कण्यांचा वाडगा बाजूला सारला.

"माय जेवली का मंग मी."

"वेडी झाली काय? तुह्या पोटात जीव हाय!"

"तुह्या बी पोटी मीच होती ना."

आता बाबांना राहवेना. "विहीणबाई, ही रूढी निव्वळ खोटी आहे. लेकीच्या घरचं अन्न खाल्ल्यानं कुणाचं काही वाईट होत नाही. माझ्याकडे याच विषयावर एक पुस्तिका आहे, मी आपल्याला..."

विहीणबाईंनी मान वर केली. "तुमच्या पुस्तिकेत माही पोरगी कुठं हाय, ते दाखवा मले मास्तर."

"तुमी गप राहा जी," आई बाबांना म्हणाली. मी तिला असं बोलताना तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आईनं वाद घातला नाही. ती चुलीशी गेली, आधण ठेवलं, पीठ मळलं आणि एक भाकर थापली. निखाऱ्यावर भाकर फुगली, तशी काढून तिनं ती ताटात ठेवली, जवसाची चटणी वाढली, आणि ताट विहीणबाईंपुढे न ठेवता दोघींच्या मध्ये ठेवलं. स्वतः समोर बसली.

"इहीनबाई," ती म्हणाली, "पाप लागलं तं अर्धं माह्या नावानं. मी पन याच ताटात जेवतो."

विहीणबाईंनी त्या भाकरीकडे पाहिलं. मग त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथून वहिनी पाहत होती. त्यांनी भाकर मोडली, अर्धी आईला दिली, आणि आपल्या अर्ध्यातला घास डोळे मिटून तोंडात घातला. चावला. गिळला.

मी आत पाहिलं. वहिनीनं वाडगा परत ओढून घेतला होता.

माझ्यावर पत्रकांनी संस्कार केले, ते मी नाकारत नाही. पुढे शहरात शिकताना एका डॉक्टरीणबाईंना मी वहिनीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या की काही माणसांच्या आतड्यांना गव्हातला चिवटपणाच सोसत नाही. कणीक ताणते ती ज्याच्यामुळे, तेच त्यांना बाधतं. ज्वारी, तांदूळ, डाळी यांच्यात तो नाही. ऐकून मला आईचं आधण आठवलं. पण रूढी कशी मोडतात, हे विचारलं तर मला कुठलंही छापील पान आठवत नाही. मला ती अर्धी भाकर आठवते. मोडणाऱ्या बाईची भीती गेलेली नव्हती. भीतीसकट तिनं ती मोडली. सभांमध्ये टाळ्या घेणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी एकदा तरी असा घास गिळून पाहावा.

त्यानंतर घरात एकच चूल राहिली. दोघी बाया कंबर कसून लागल्या. कण्या ताकात शिजवून पातळ करायच्या आणि वाटीवाटीनं पाजायच्या. मुगाचं वरण, मऊ भात, साजूक तूप. भाद्रपदात, गावात महालक्ष्म्या बसल्या होत्या तेव्हा, वहिनीला मुलगी झाली. लहानशी, पण आवाज असा की काकू कुंपणापलीकडून म्हणाली, "मास्तरीनच आली वं!" बाबांनी त्या दिवशी ओसरीवर येईल त्याला गूळ वाटला आणि कुणालाही काही वाचून दाखवलं नाही.

बाळंतिणीला द्यायचा शिरा गव्हाचा, लाडूत कणीक, खीर शेवयांची. विहीणबाईंना यातलं सगळं हातखंडा, आणि आता काहीच चालणार नव्हतं. तर त्यांनी डिंक फुलवला, खोबरं भाजलं, खारीक कुटली आणि कणकेचं नाव न घेता लाडू वळले. ज्वारीचं पीठ तुपावर खमंग भाजून गूळ घालून त्याचाही शिरा केला. पहिला चमचा त्यांनी आईच्या तोंडापुढे धरला.

"सांगा, कसा झाला?"

"ठिगळ लावलेला," आई म्हणाली आणि चमचा चाटून घेतला.

बारशाला गाव आलं, वर्ध्याचे पाहुणे आले. पानावर पोळी नव्हती. भाकर होती, पाटवडीचा रस्सा, धापोडे, तांदळाची खीर. वहिनीच्या एका मावशींनी भाकर दोन बोटांनी उचलून पाहिली आणि बहिणीला विचारलं, "बारशाले भाकर? अन् तूही इथं जेवून राह्यली? मूल व्हायच्या आधीपासून म्हणे!"

विहीणबाई वाढत होत्या. त्यांनी मावशींच्या पानावर दुसरी भाकर घातली.

"यंदा महालक्ष्मीले आंबील कायची केली होती तू?"

"ज्वारीची. का?"

"देवीले चालते अन् तुले चालत नाई? खाय गुमान. तुही नात पाय, कशी रडून राह्यली ते. तिले काई झालं काय?"

पाळण्यातून खरोखरच गगनभेदी आवाज येत होता. मावशींनी भाकर मोडली.

जाताना विहीणबाईंनी आईकडून ज्वारीचं गाठोडं मागून घेतलं. वर्ध्याला बाजारात ज्वारी मिळत होतीच, पण त्यांना हीच हवी होती. भाकर थापायला त्या आईकडून शिकल्या होत्या, आणि त्यांचीही पहिली भाकर तडकली होती. दादानं तिच्यातली आष्टी मला दिली.

दिवाळीला वहिनी बाळाला घेऊन माहेरी गेली. आईनं तिला अडवलं नाही. पण ते दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. फराळाचे डबे भरले, उघडले, पुन्हा झाकले. मोटारीच्या वेळेला ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली, मी तिच्यासोबत.

मोटार आली, धूळ बसली. वहिनी उतरली, बाळ खांद्यावर. तिनं नुसता हात पुढे केला. आईनं बांगडीखाली बोट घालून ती मागे सारून पाहिली.

बांगडी सरली नाही.